कापलेलं कडवं

वैजापूर
२ फेब्रुवारी २०२३

अमृतास आजीचा जय भीम.

फोन करत नाय. फोनवर तू हं हं म्हणतीस आन माझं मुद्द्याचं आलं की तुझं नेटवर्क जातं. कागदाचं नेटवर्क जात नाय, म्हून लिहिते. माझं अक्षर मोठं हाय आन ओळी चढावर जातात. त्यावर हसायचं नाय.

काल शेजारच्या बन्सीनं त्याच्या फोनवर तुझं गाणं ऐकवलं. म्हणला, आजी, तुमच्या नातीचं गाणं पन्नास हजार लोकांनी ऐकलं. मी म्हणलं, त्या पन्नास हजारांत एकाला बी अक्कल नाय का? त्याला वाटलं मी लाडानं बोलते. लगेच फोन माझ्या तोंडापुढं धरून म्हणला, आजी, दोन शब्द बोला. मी एकच बोलले. तो त्यानं पुसून टाकला.

तू ते कांद्याच्या राशीचं गाणं घेतलंस. घे. घरातलंच हाय, कुणाच्या बापाची परवानगी लागत नाय. पण त्याचं काय केलंस? शेवटाला दोन मिनिटं नुसतं मशीन घुं घुं करतं. पिठाची गिरणी बी दळण सरल्यावर बंद करतात. माणूस मेलं तरी लोक उभं राहून चार शब्द बोलतात आन मग पांगतात. तू गाण्याला आसं उघडं-बोडकं रस्त्यावर सोडून दिलंस आन खाली लिहिलंस, टिनशेड. तुझ्या बापानं वाळूजच्या कंपनीत बावीस वर्षं घासून बजाजनगरला स्लॅबचं घर बांधलं, आन पोरीनं आपल्या बँडचं नाव ठेवलं टिनशेड.

मला लई राग आलाय. दुरुस्त कर.

गाणं दुरुस्त होईस्तोवर तुझी आजी,
मनकर्णाबाई


उस्मानपुरा, औरंगाबाद
१४ फेब्रुवारी २०२३

आजी, जय भीम.

तुझं पत्र रूमवरच्या सगळ्या पोरींनी वाचलं. अक्षराला कुणी हसलं नाही, मजकुराला हसल्या.

मला माहीत होतं तू चिडणार. गिटार तुला आवडणार नाही, मधला रॅप तर नाहीच. पण मी काय करू? मी पाच वर्षांची असताना आईनं मला आजोबांच्या पेटीवर बसवलं. भाता मारायला माझा हात पुरायचा नाही, तर बाजूला बसून तू मारायचीस. मग बजाजनगरच्या जयंतीत गायले. मग शेजारच्या कव्वालीवाल्या चाचांकडे टाळ्यांचा ठेका शिकले. कॉलेजला सत्यम भेटला, त्यानं इलेक्ट्रिक गिटार आणलं आणि वर्कशॉपमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही इतका आवाज केला की मालकानं दोनदा वीज तोडली. नाव तिथूनच आलं. आता हे सगळं माझ्या गळ्यात एकत्रच बसलंय. एक काढायला गेले की बाकीचं सांडतं.

ऐकून घ्यायची सवय झालीय. गायन पार्टीतले जुने लोक म्हणतात, हिनं भीमगीताचं इंग्रजी केलं. पुण्याचे रॉकवाले म्हणतात, हे जयंतीचं वाजवणं आहे, ह्यात रॉक कुठंय. एका कार्यक्रमात निवेदकाला मला काय म्हणून बोलवावं तेच कळेना. शेवटी म्हणाला, आता येत आहेत अमृता, त्या आवाज करतात.

तूही त्यांच्यातली निघालीस ह्याचं वाईट वाटलं. गाणं मी आजोबांच्या १९८३ च्या कॅसेटवरून घेतलंय, त्यातला शब्दही बदललेला नाही. गिटार मात्र काढणार नाही.

अमृता


वैजापूर
२७ फेब्रुवारी २०२३

अमृतास,

तू शिकलीस का नुसती कॉलेजात जाऊन आलीस? माझ्या पत्रात गिटार हा शब्द कुठं हाय ते दाखव. मी पुन्हा वाचावं म्हणलं तर पत्र तुझ्याकडं. तूच वाच.

तुझ्या गिटारीचं मला कौतुक नाय आन वैर बी नाय. तुझ्या आजानं पहिल्यांदा बेंजो आणला तव्हा वस्तीतली म्हातारी माणसं म्हणली, पुंडलिक, हे काय तारेचं कुंपण वाजवतो? पुढच्या जयंतीला तीच म्हातारी बेंजोवाल्याच्या शेजारी जागा धरून बसली. तुझं बी तसंच व्हईल. तू ओरडतीस ते बी मला चालतं. त्या गाण्यात ओरडण्यासारखंच हाय.

माझं म्हणणं शेवटच्या कडव्याचं हाय. ते तू कापलंस. गाणं ज्यानं बांधलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं, अमका म्हणे, तमका म्हणे. सगळ्या पार्ट्यांत हीच रीत. आमच्याकडं वह्या नव्हत्या, छापखाने नव्हते. कोण कुठल्या गावचा, गाणं कुणाचं, हे त्या एका ओळीत ऱ्हायचं. गाणं दहा गावं फिरून आलं तरी नाव घेऊन यायचं. जातीच्या दाखल्यासाठी तुझा बाप तहसिलीत किती खेटे घालत व्हता, आठवतं का? तसा तो गाण्याचा दाखला. तू तो फाडून टाकलास आन त्या जागी गिरणी लावलीस.

ज्याचं नाव त्याला दे. पुन्हा गा आन शेवटपर्यंत गा.

मनकर्णाबाई


पुणे
२० जून २०२३

आजी, जय भीम.

उशीर झाला. तीन महिने दौऱ्यावर आहे, हे पत्र पुण्यातून लिहितेय.

तू बरोबर होतीस आणि मी मूर्ख. सत्यम म्हणाला होता, गाणं लांबतंय, शेवटी नुसतं नाव तर आहे, ते काढू. मीही हो म्हटलं. तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. मग आम्ही शेडमध्ये जाऊन गाणं पुन्हा केलं. आता शेवटच्या कडव्याला सगळी वाद्यं थांबतात आणि मी एकटी म्हणते:

पुंडलिक म्हणे बायांनो, मान खाली नका घालू
आपल्या वाटेनं आपण पुढं पुढं चालू

लोक त्या जागी उभे राहतात, आजी. चौदा गावांत गायले, चौदाही ठिकाणी. पेपरात आलं, शाहिराची नात. नव्या अल्बमचं नावच 'पुंडलिक म्हणे' ठेवलंय. निवेदकांचाही प्रश्न सुटला, आता मला काय म्हणून बोलवायचं ते त्यांना माहीत आहे.

पप्पा तर हवेत आहेत. ज्यांनी तीन वर्षं विचारलं की हे गाणं कधी सोडणार आणि नोकरी कधी बघणार, ते आता कंपनीत सगळ्यांना ऐकवतात. १० डिसेंबरला आजोबांना जाऊन वीस वर्षं होतात. बजाजनगरला हॉल घेऊन स्मृतिदिन करायचा म्हणताहेत. आजोबांच्या पार्टीत ढोलकी वाजवणारे आप्पासाहेब अध्यक्ष, आमचा बँड गाणार आणि तुझा सत्कार.

आता तरी राग गेला ना?

अमृता


वैजापूर
५ जुलै २०२३

अमृता,

नाव घाल म्हणले व्हते. त्याचं घाल म्हणले नव्हते.

ते गाणं तुझ्या आजाचं नाय. लीलाबाईचं हाय. ऐकून घे, मी हे एकदाच लिहिणार.

मार्केट यार्डाच्या मागं कांद्याची खळी व्हती. आम्ही बाया राशीवर बसून कांदा निवडायचो. चांगला पुढं ठेवायचा आन गोल्टी, म्हणजे बारका कांदा, मागच्या टोपल्यात फेकायचा. लीलाबाई माझ्या शेजारी बसायची. तिसरी पास. मला तर अ बी येत नव्हता. तिनं मला कांद्याच्या सालीवर खिळ्यानं बाराखडी काढून शिकवली. आज हे पत्र तू वाचतीस ते तिच्यामुळं. ती काम करता करता गाणं बांधायची. कागद नाय, पेटी नाय. बांधायची आन आम्हाला म्हणायला लावायची, म्हणजे विसरलं जाऊ नये. शेवटच्या कडव्यात आसं व्हतं, लीला म्हणे बायांनो.

तुझ्या आजानं ते गाणं माझ्या तोंडून ऐकलं आन पार्टीत घेतलं. पेटी त्याची, आवाज त्याचा, ते मी नाकारत नाय. लई गोड गळा व्हता त्याचा. जयंतीला तो लीला म्हणेच म्हणायचा. मग औरंगाबादला कॅसेट काढायचं ठरलं. कॅसेटवाला म्हणला, पार्टी पुंडलिकची आन नाव बाईचं, हे कोण ऐकंल? आजानं नाव बदललं. एका दिवसात. धोतर बदलावं तसं.

तू चौदा गावांत उभं राहून ती चोरी गाजवलीस. अल्बमवर छापलीस. आता तुझा बाप हॉल घेऊन तिला हार घालणार. माझं डोकं फिरलंय.

मनकर्णाबाई


उस्मानपुरा
१६ जुलै २०२३

आजी,

मी पण चिडले आहे, म्हणून जय भीम शेवटी लिहीन.

तू फेब्रुवारीत दोन पत्रं लिहिलीस. दोन्हींत लीलाबाई हे नाव नाही. 'ज्याचं नाव त्याला दे', एवढंच. मी कुणाला देणार होते? माझ्याकडे कॅसेट होती आणि कॅसेटवर आजोबांचं नाव होतं. चौदा गावांत मला खोटं पाडलंस ते तू.

तुझं पत्र आल्यावर कॅसेट पुन्हा लावली. आता जे ऐकू येतं ते आधी ऐकू का आलं नाही, ह्याचीच लाज वाटते. गाण्याच्या प्रत्येक कडव्यात पहिल्या शब्दानंतर एक रिकामी जागा आहे.

रास — मोठी कांद्याची, बसून मी शिकले
डोळ्यातल्या पाण्यानं अक्षर मी लिहिले

हात — माझे खरबरीत, अक्षर माझं सरळ
बाबानं दिलं बाई बोलण्याला बळ

मला वाटायचं टेप ताणली गेलीय. मी त्या जागा गिटारनं बुजवून ठेका सरळ केला. ती फेकायची जागा आहे ना? शब्द, मग गोल्टी मागं टोपल्यात, मग पुढचे शब्द. फक्त शेवटच्या कडव्यात ती जागा नाही. 'लीला' म्हटलं तर कांदा फेकायला वेळ उरतो. 'पुंडलिक' म्हटलं की जागा भरून जाते. आजोबा कधी कांदा निवडायला बसले नव्हते, एवढं त्या एका ओळीवरून कळतं.

पण आणखी एक ऐकू आलं. शेवटच्या कडव्यात आजोबांच्या मागून दुसरा आवाज येतो. बाईचा. तोही 'पुंडलिक म्हणे' म्हणतो, आणि जोरात म्हणतो. तो आवाज मी कुठंही ओळखेन. मला झोपवताना तोच होता.

तुझ्या पत्रात आजोबा आहेत, कॅसेटवाला आहे. तू कुठं आहेस?

तू का गायलीस?

जय भीम.

अमृता


उस्मानपुरा
२५ सप्टेंबर २०२३

आजी,

दोन महिने झाले, पत्र नाही. बन्सीला फोन केला. म्हणाला, आजी ठणठणीत आहे, काल भाजीवाल्याला झापलं. म्हणजे तब्येतीचं कारण नाही.

मी अल्बम थांबवलाय. ऑनलाइन होता तो काढला. सत्यम दोन दिवस बोलला नाही. पप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मेलेल्या माणसाचं कशाला उकरतेस, त्या काळात असंच होतं, सगळे तसंच करायचे. पत्रिका छापून आल्यात. वर मोठ्या अक्षरात 'कांद्याच्या राशीचे कवी'. मी त्यांना सांगितलं, त्या दिवशी मी गाणार नाही. मी बेंगळुरूचा कार्यक्रम घेतलाय, मुद्दाम.

आणि लीलाबाई सापडल्या. लांब जावं लागलं नाही. बजाजनगरलाच आहेत, मुलीकडे, रत्नमालाताईंकडे. आपल्या घरापासून तीन गल्ल्या. पप्पांनी पत्रिका त्या घरातही टाकलीय.

मी गेले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "नाक पुंडलिकचं घेतलंस, बाकी ठीक आहे." मी म्हटलं, तुमचं नाव गाण्यात परत घालायचंय. त्या म्हणाल्या, "तू कशी घालशील? तू काढलं होतंस का?" मग म्हणाल्या, "जिनं मागून साथ दिली तिला पाठव. मी मरायच्या आत आली तर बरं, नायतर जिना चढायचा तिचा त्रास वाचला."

तुम्हा दोघींचे निरोप पोचवायचं काम माझं नाही. पण सांगितलं.

अमृता


वैजापूर
२ नोव्हेंबर २०२३

अमृतास जय भीम.

दोनदा लिहून फाडलं. एकदा तुझ्या आजावर ढकललं, एकदा कॅसेटवाल्यावर. वाचून पाह्यलं तर दोन्ही पत्रं तुझ्या बापानं लिहिल्यासारखी वाटली. म्हून फाडली.

का गायले म्हणतीस. कुणी जबरदस्ती केली नाय. आजानं मारलं नाय, धमकी दिली नाय. गप्प उभी राहिले असते तर एकटा गायला असता. ते बी मला चाललं असतं का? नसतं चाललं. मला कॅसेटवर माझा आवाज पाहिजे व्हता. एवढंच हाय. घरात, खळ्यात, जयंतीत गाऊन गाऊन मला वाटायचं, एकदा तरी तो आवाज डबीत बंद व्हावा आन आपण नसताना कुणी ऐकावा. कॅसेटवाल्यानं विचारलं, मागं सूर कोण धरणार? मी म्हणलं, मी. नाव बदललंय हे मला दोन घटका आधीच कळलं व्हतं.

आन लीला तव्हा कुठं व्हती? बाहेरच्या बाकावर. तुझ्या बापाला ताप व्हता, सहा वर्षांचा व्हता तो. त्याला घरी ठेवता येईना म्हून ती सोबत आली. त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती कपाळावर ओल्या फडक्याची घडी बदलत बसली, आन आत मी तिचं नाव पुसत व्हते. दार पातळ व्हतं. बाहेर आले तर तिनं पोरगं माझ्या हातात दिलं आन म्हणली, ताप उतरलाय. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाय. खळ्यात जागा बदलून दुसऱ्या राशीवर बसली.

हे तुझ्या बापाला सांग. त्या काळात आसंच व्हतं म्हणतो ना तो? त्या काळात त्याच्या कपाळावर हात कुणाचा व्हता ते बी ऐकू दे.

चाळीस वर्षं मी तुझ्या आजावर रागवून काढली. तुझ्यावर दोन महिने रागवले. राग लई कामाचा आसतो, तो दुसऱ्याकडं बघायला लावतो.

मी ९ डिसेंबरच्या गाडीनं येते.

मनकर्णाबाई


बजाजनगर
१३ डिसेंबर २०२३

अमृतास,

तू बेंगळुरूवरून येशील तव्हा हे पत्र तुझ्या रूमवर आलेलं आसंल. तुझ्या बापाच्या घरून लिहिते. तो माझ्याशी बोलत नाय. ताट वाढतो, बोलत नाय. मी बी जेवते आन बोलत नाय.

स्मृतिदिन झाला. आधी वंदना झाली, ती नीट झाली. मग आप्पासाहेब अर्धा तास बोलला. सगळं खोटं नव्हतं, आजाचा गळा, आजाची पेटी, पायी फिरलेली गावं. मग म्हणला, त्यांची अजरामर रचना. मग मला शाल दिली आन म्हणला, मातोश्री, दोन शब्द.

मी म्हणलं, पेटी त्याची व्हती. गळा त्याचा व्हता. रचना लीलाबाईची हाय. ती इथून तीन गल्ल्यांवर ऱ्हाते आन तुम्ही तिच्या घरी पत्रिका टाकलीत. मी तिथं कॅसेट काढताना उभी व्हते आन मी बी खोटं गायले. आप्पासाहेब पुढं आला, माईक काढून घेत म्हणला, बाई भावनेच्या भरात बोलताहेत. मी म्हणलं, आप्पासाहेब, तू त्या दिवशी ढोलकी वाजवत व्हतास आन त्याच ओळीला तुझा हात चुकला, आठवतं का? त्यानं मान खाली घातली. पण माईक दिला नाय.

मग मी बिनमाईकचं गायले. लीला म्हणे. जागा सोडून, फेकायला हात मागं नेऊन गायले. मागच्या रांगांतल्या काही बायांनी हात मागं नेला. खळ्यात बसलेल्या आसणार. पुढच्या रांगेतले दोघं-तिघं उठून गेले. तुझा बाप भिंतीकडं तोंड करून उभा व्हता.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडं गेले. जिना लई उंच हाय. ती मेथी निवडत बसली व्हती. बस म्हणली नाय. मी बसले.

म्हणली, "दमलीस."

म्हणलं, "जिन्यानं."

"चाळीस वर्षांत एक जिना."

मी माफीचं काढायला लागले, तर म्हणली, "ते ऱ्हाऊ दे. त्यानं मेथी निवडून व्हत नाय." आन एक जुडी माझ्यापुढं सरकवली. तिनं माफ केलंय आसं तू समजू नको. मला तरी तसं वाटलं नाय. मी आले म्हून ती उठून गेली नाय, एवढं खरं.

हॉलात झालं ते तिला कळलं व्हतं. रत्नमाला मागं उभी व्हती. लीला म्हणली, "कालच्यापेक्षा कॅसेटवर बरी गात व्हतीस." मी म्हणलं, नाव आता शेवटच्या कडव्यात परत घालू, तुझ्यासमोर. तर ती माझ्याकडं आसं बघायला लागली जसं पहिल्या दिवशी मी अ उलटा काढला तव्हा बघत व्हती. म्हणली, "पुन्हा शेवटीच? शेपटी कुणीबी छाटतं. एकानं बदललं, तुझ्या नातीनं कापलं, मग तिनंच परत चुकीचं चिकटवलं. तुम्ही घरच्या घरी तीन खेपा केल्या, बाहेरच्यांचं काय सांगावं."

मेथीची जुडी संपली. मग तिनं ध्रुवपदच बदललं. म्हणून दाखवलं आन मला म्हणायला लावलं, पाठ व्हईपर्यंत, तसंच पूर्वीसारखं:

लीला — रास कांद्याची, बसून तू शिकली
डोळ्यातल्या पाण्यानं पाटी तू लिहिली

आता ते दर कडव्यानंतर येतं. सहा कडवी, सहा वेळा. शेवटचं कडवं तिनं काढून टाकलं. म्हणली, त्याची गरज नाय.

मशीन घेऊन ये. दिवसाउजेडी ये, संध्याकाळी तिला दिसत नाय आन दिसत नसलं की ती शिव्या देते. आणखी गाणी हायेत. त्या कॅसेटवरची दुसऱ्या बाजूची तीन बी तिचीच, हे मी तुला लिहिलं नव्हतं. आता लिहिलं. फेकायच्या जागा बुजवायच्या नाय. तुझं गिटार तिला ऐकवलं रत्नमालाच्या फोनवर. म्हणली, बरं हाय, घासणीनं पातेलं घासल्यासारखं, पण ठेक्यात घासते.

मी विचारलं, मागं कोण धरणार? ती म्हणली, तूच धर, दुसरं तुला काय येतं?

तव्हा मी धरणार हाय. आन ह्यापुढं कुणाला तिचं नाव कापायचंच आसंल, तर आख्खं गाणं कापावं लागंल.

मनकर्णाबाई